विलायतेची तयारी की सत्काराची?

भाद्रपद उजाडला म्हणजे आमच्या सीमाभागातील देवळांच्या सभामंडपांत अलीकडे एक नवा विधी होऊ लागला आहे. विलायतेतील विद्यापीठांची सत्रे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होतात. त्यामुळे गणपतीचे विसर्जन आणि मुलांचे प्रयाण या दोन गोष्टी पाठोपाठच येतात. बेळगावात, शहापुरात, निपाणीत, संकेश्वरात कोणाचा तरी मुलगा किंवा कोणाची तरी मुलगी कायद्याची पदव्युत्तर पदवी घेण्यासाठी निघालेली असते. मग शाल, श्रीफळ, दोन-तीन भाषणे, अध्यक्षीय समारोप आणि अल्पोपाहार. 'समाजाचे नाव उज्ज्वल केले' हे वाक्य त्या भाषणांत हटकून येते. त्या मुलाने अद्याप विमानाची पायरीही चढलेली नसते. मग नाव उज्ज्वल केव्हा झाले व कशाने झाले, हे विचारण्याचा आगाऊपणा कोणी करीत नाही. तो आज आम्ही करणार आहोत.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. परदेशी शिकावयास जाण्यास आमचा विरोध नाही. तसा विरोध करणारी पिढी मागे पडली आणि ते बरेच झाले. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमन हा उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणून सांगितला आहे, आणि त्याच ग्रंथात पुढे पतनास कारण होणाऱ्या कृत्यांत त्याची गणना केली आहे. कलिवर्ज्य प्रकरणात तर समुद्रपार जाऊन आलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्यास पंक्तीस घेऊ नये, इथवर मजल गेली. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सारा प्रपंच सविस्तर मांडला आहे. जिज्ञासूंनी तो मुळातून पाहावा. अशा वचनांच्या आधारे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी आमच्या सारस्वत समाजात आणि इतर अनेक जातींत ग्रामण्ये माजली, पंगती मोडल्या, ठरलेल्या सोयरिकी फिसकटल्या. आज त्याच घराण्यांतील पणतवंडे विलायतेस निघाली की आम्ही वाजंत्री लावतो. ही सुधारणा झाली असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. पणजोबांच्या काळचा समाज एवढेच विचारी की समुद्र ओलांडला की नाही, आणि ओलांडला असल्यास वाळीत टाकी. आजचा समाजही तेवढेच विचारतो आणि शाल पांघरतो. मधल्या काळात तो मनुष्य काय शिकला, ही चौकशी तेव्हाही झाली नाही व आताही होत नाही.

या चौकशीचे महत्त्व पटवून देण्यासाठी बेळगाव-निपाणीच्या वाचकांस दूर नेण्याचे कारण नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी ज्याचे अध्यक्षपद स्वीकारले असे हे एकमेव अधिवेशन. पुढे चारच महिन्यांनी, १९२५ च्या एप्रिलमध्ये, निपाणीस मुंबई इलाख्याची प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली व तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. चार महिन्यांच्या आणि पाऊणशे किलोमीटरच्या अंतराने आमच्या भूमीवर उभे राहिलेले हे दोघेही लंडनला कायदा शिकून आलेले बॅरिस्टर. दोघांच्या त्या शिक्षणाची हकीकत मात्र अगदी निराळी आहे, आणि आमच्या मुलांनी निघण्यापूर्वी ती लक्षपूर्वक वाचावी अशी आहे.

गांधी १८८८ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघाले तेव्हा मोढ वाण्यांच्या पंचांनी त्यांना जातीबाहेर केले आणि त्यांना मदत करील किंवा निरोप देण्यास धक्क्यावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड फर्मावला. विलायतेत त्या वेळी बॅरिस्टर होण्यासाठी बारा सत्रे भरावी लागत. सत्र भरणे म्हणजे काय, तर त्या सत्रातील सुमारे चोवीस भोजनांपैकी निदान सहा भोजनांस हजर राहणे. (भोजन चुकविले म्हणून जातीतून काढणारे पंच येथे, आणि भोजनास बसला म्हणून सनद देणारे पंच तेथे! असो.) गांधींनी प्रामाणिकपणे अभ्यास केला, रोमन कायदा लॅटिनमधून वाचला, १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला परतीच्या बोटीवर चढले. थोरल्या भावाने त्यांना नाशिकास नेऊन गोदावरीत स्नान घातले, राजकोटास ज्ञातिभोजन दिले. समुद्र ओलांडल्याचा दोष अशा रीतीने निघाला. पण दुसरा दोष गोदावरीने निघण्यासारखा नव्हता. हिंदू कायदा व मुसलमानी कायदा यांचा आपल्याला गंध नाही, साधा फिर्यादीचा अर्ज लिहिता येत नाही, हे त्यांनी आपल्या आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवले आहे. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ममीबाईच्या दाव्यात ते उलटतपासणीस उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. तीस रुपये फी परत करून ते कोर्टाबाहेर पडले. तीन वर्षांचे लंडन, भावाने उभा केलेला पैसा, जातीचा बहिष्कार, आणि हाती आले ते हे. गांधींचे पुढील मोठेपण हा विषय निराळा; ते सर्वांच्याच वाट्यास येत नाही. ममीबाईच्या दाव्यासारखा प्रसंग मात्र पुष्कळांच्या वाट्यास येतो.

आंबेडकरांची गोष्ट अशी नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ साली लंडनला येऊन ग्रेज इन व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे त्यांनी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सामानातील ग्रंथ व कागद घेऊन येणारी बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविणे, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजारांचे कर्ज, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य, आणि १९२० साली पुन्हा लंडन. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, १९२३ साली डी.एस्‌सी. झाले. पण आमचा मुद्दा या पदव्यांचा नाही. न्यूयॉर्कला ते जातिसंस्थेवर निबंध वाचतात तो १९१६ साली. लंडनचा प्रबंध लिहितात तो रुपयाच्या प्रश्नावर. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निपाणीच्या परिषदेच्याच वर्षी प्रसिद्ध होतो. प्रश्न येथला आणि तो सोडविण्याची हत्यारे तेथली, असा तो व्यवहार होता. परतल्यावर त्यांना काय करावे हे शोधीत बसावे लागले नाही. ज्या सभामंडपांत आज आम्ही परदेशी निघालेल्यांचे सत्कार करतो त्यांतील किती मंडपांची दारे १९२५ साली या मनुष्यास उघडी होती, हे मात्र वाचकांनी आपापल्या देवळापुरते आठवून पाहावे.

मुलींच्या बाबतीत एक वेगळेच नाव सांगण्यासारखे आहे. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पहिल्या आल्या, पण स्त्री म्हणून त्यांना विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. तरीही त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि १८९२ साली बी.सी.एल्. ही कायद्याची उच्च परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. पदवी हाती पडण्यास १९२२ साल उजाडले. परंतु मायदेशी परतल्यावर याच बाईंना मुंबई विद्यापीठाची एल्एल्.बी. पुन्हा द्यावी लागली. ऑक्सफर्ड झाले म्हणून येथला कायदा आपोआप येत नाही, हे त्यांस जितक्या लवकर कळले तितक्या लवकर आमच्या पालकांस कळत नाही.

आता आजची तयारी पाहा. वर्षभर आधी एखादा सल्लागार गाठला जातो. तो विद्यापीठांची यादी देतो आणि पैसे घेऊन हेतुपत्रही लिहून देतो. ज्या पत्रात विद्यार्थ्याने स्वतःचा हेतू सांगावयाचा ते पत्र दुसऱ्याने लिहावयाचे, यात कोणास काही गैर वाटत नाही! व्हिसासाठी नऊ महिन्यांपर्यंतच्या निर्वाहाची रक्कम सलग २८ दिवस बँकेच्या खात्यात दिसावी लागते. त्यासाठी मामा-मावश्यांकडून हातउसने आणून खाते फुगविले जाते. शिक्षणकर्ज मोठे म्हणून बँक तारण मागते, आणि निपाणीकडील एखाद्या घराची तंबाखूची चार एकर जमीन किंवा शहापुरातील वडिलार्जित घर त्या कागदावर चढते. मग ऊबदार कपडे, लोणच्याच्या बरण्या, प्रेशर कुकर. पुस्तकांचे काय, असे विचारले तर 'तिकडे मिळतात' असे उत्तर मिळते. मिळतात खरी, पण ती उघडण्यास वेळ किती? ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज येथील सत्र आठ आठवड्यांचे, आणि वर्षात अशी सत्रे तीन. म्हणजे सारे मिळून चोवीस आठवडे. त्यांतही अखेरचे सत्र बहुतांशी परीक्षेच्या तयारीत व परीक्षेत जाते. तेथे अध्यापक टिपणे सांगत नाहीत. आठवडाभर आधी खटल्यांची व लेखांची यादी हाती देतात, आणि वर्गात विद्यार्थ्याने काय वाचले व त्यास काय वाटले हे विचारतात. तुमच्या देशात हा प्रश्न कसा सोडविला आहे, हे तर हमखास विचारतात. आमचा विद्यार्थी तेथे गप्प बसतो. त्याच्याजवळ बुद्धी नसते असे नव्हे. जी सामग्री घरून न्यावयाची ती त्याने नेलेलीच नसते.

ही सामग्री कोणती, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, तुलनात्मक कायद्याचा अभ्यास करणाऱ्यास बेळगावइतके संपन्न ठिकाण शोधूनही सापडावयाचे नाही. बेळगाव खालसा मुलखात आणि त्यास लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात. एक रस्ता ओलांडला की राज्य बदले. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून जुनी खरेदीखते मोडीत आणि मराठीत, फेरफार मुंबईच्या कायद्याचे, आणि आजचा उतारा कानडीत. घरात कोंकणी किंवा मराठी, कचेरीत कानडी, वरिष्ठ न्यायालयात इंग्रजी, अशा चार भाषांत एकच जमीन चार नावांनी नांदते.

देवस्थानांचेच उदाहरण घ्या, कारण ते आमच्या वाचकांच्या अगदी जवळचे आहे. १९५६ साली नवे राज्य झाले तरी बेळगाव भागातील देवस्थानांस १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाच लागू राहिला. जुना म्हैसूर, मद्रासकडील जिल्हे, कोडगू व हैदराबादकडील भाग यांचे कायदे आणखी निराळे. एका राज्यात देवळांचे पाच कायदे! ते मोडून १९९७ साली कर्नाटकाने एकच कायदा केला, तो २००३ साली अमलात आला, २००६ साली उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. इकडे हे, आणि आमच्यापैकी बहुतेकांची कुलदैवते तर गोव्यात. तेथील देवळे १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमावलीनुसार महाजनांच्या मझानीकडे. महाजन कोण, त्याचा हक्क कोणत्या वंशशाखेस, मुलींस तो आहे की नाही, हे वाद आमच्या घराघरांत चालतात आणि ते नियम ज्यांनी वाचले आहेत अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. गोव्यात पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेची कल्पना १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आली. वारसाहक्काचा भाग २०१२ च्या कायद्याने नव्याने मांडला गेला. गोव्याचा अधिवासी असलेल्या मनुष्याची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कोठेही असली तरी तिच्या वारशास गोव्याचाच कायदा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. फोंड्यास मूळ घर, बेळगावास दुकान आणि मुलगी पुण्यास दिलेली, अशा कुटुंबास या निकालाचा अर्थ काय? असा प्रश्न घेऊन एखादी मुलगी लंडनला गेली तर तिचे अध्यापक खुर्ची पुढे ओढून ऐकतील. पण तो प्रश्न तिला ठाऊक असावयास हवा, आणि ज्या दप्तरांत तो दडला आहे ती दप्तरे देवस्थानांनी कुलूप लावून ठेवलेली आहेत.

सीमाप्रश्नाचेही तेच. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि वीस वर्षे उलटली तरी निकाल नाही. घोषणा आमच्या तरुणांस तोंडपाठ आहेत. राज्याराज्यांतील वाद थेट सर्वोच्च न्यायालयापुढे नेणारे १३१ वे कलम किंवा भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावयास सांगणारे ३५० (अ) कलम कितीजणांनी वाचले आहे? फिनलंडमधील आलांड बेटांचा तंटा १९२१ साली राष्ट्रसंघाने निकालात काढला. बेटे फिनलंडकडे राहिली आणि तेथील स्वीडिश भाषेस हमी मिळाली. इटलीतील जर्मन-भाषिक दक्षिण टिरोलास १९४६ च्या करारापासून १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यापर्यंत झगडावे लागले. युरोपातील कोणत्याही चांगल्या विद्यापीठात या दोन प्रकरणांवर कपाटे भरून ग्रंथ आहेत. खानापूर किंवा निपाणीच्या विद्यार्थ्याने ती कपाटे उघडली तर त्यातून उभय बाजूंस उपयोगी पडेल असे काही येथे येईल. पण तो बहुधा कंपन्यांच्या विलीनीकरणाचा विषय घेतो, कारण सल्लागाराने त्यास तसे सांगितलेले असते. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायांचा प्रश्नही असाच पडून आहे. त्यांच्यासाठी १९६६ साली झालेला कायदा २०२० च्या श्रमसंहितेत समाविष्ट करण्यात आला. घरी बसून काम करणाऱ्या कामगारांविषयीचा १९९६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारलेला नाही. या दोन वाक्यांच्या मधे एका प्रबंधाचा विषय आहे, आणि त्याची साक्षीदार बाई विद्यार्थ्याच्या घरामागच्या गल्लीत राहते.

'अहो, सत्काराने मुलांस उत्तेजन मिळते, त्यात बिघडले काय?' असे आमचे काही मित्र म्हणतात. बिघडते ते असे. ज्याचा जाण्यापूर्वी सत्कार झाला त्यास रिकाम्या हाताने परतण्याची लाज वाटते, आणि मग तो परततच नाही. लंडनच्या उपनगरात मिळेल ती नोकरी धरून कर्जाचे हप्ते पाठवितो. परतला तरी काय? १९६१ च्या वकील कायद्याने सर्व वकिलांचा एकच वर्ग केला. बॅरिस्टर म्हणून येथील सनद मिळण्याची सवलत १९७६ च्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्यांना ती पदवी मिळाली त्यांच्यापुरतीच होती. आज सनद मिळते ती येथल्या एल्एल्.बी.वर आणि अखिल भारतीय वकील परीक्षेवर. एक वर्षाच्या परदेशी एल्एल्.एम्.ने चिकोडीच्या कोर्टात उभे राहण्याचा अधिकार तसूभरही वाढत नाही. शिकविण्याच्या कामी तरी ती चालेल, या भरवशावर राहावे तर वकील परिषदेने २०२१ च्या जानेवारीत एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीविरुद्धच नियम प्रसिद्ध केले आणि त्यांवरही सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. जमीन तारण ठेवण्यापूर्वी बापाने हे समजून घेऊ नये काय? समाजाच्या पुढाऱ्यांनी ते त्यास सांगू नये काय? काशिनाथ त्र्यंबक तेलंग मुंबईतच कायदा शिकले, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि १८८२ साली त्यांचा गीतेचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. टिळकवाडीतील राजा लखमगौडा विधि महाविद्यालयात शिकलेले वेंकटरामय्या १९८९ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. तेव्हा जो समुद्र ओलांडीत नाही तो मागे राहिला, ही समजूतही आमच्या मंडळींनी सोडून द्यावी.

जाणाऱ्याने अवश्य जावे. पण जाण्यापूर्वीचे एक वर्ष त्याने येथे घालवावे: एखाद्या तालुका न्यायालयात जुन्या वकिलाच्या हाताखाली कैफियती लिहाव्यात, अशिलांशी बोलावे, मोडी शिकावी, कानडी येत नसेल तर कानडीही शिकावी, आणि आपल्याला कोणता प्रश्न छळतो हे स्वतःच्या हाताने दोन पानांत लिहून काढावे. त्या वर्षाचा त्याचा जेवणखर्च व पुस्तके देवस्थानांनी द्यावीत. सत्काराच्या शालींवर, हारांवर व छापील निमंत्रणपत्रिकांवर जे जाते त्यात एका विद्यार्थ्याचे पुष्कळ भागेल. उत्सव थाटात करणाऱ्या समित्यांस हे जड जाणार नाही. परतल्यावर त्याने ज्या देवस्थानाचे दप्तर वाचले त्याची सूची करून द्यावी, एवढीच अट पुरे. पैसे परत मागू नयेत.

यावर दोन आक्षेप येणार हे आम्हांस ठाऊक आहे. पहिला असा की दप्तर खुले केले तर जुने भाऊबंदकीचे तंटे वर येतील. येतील, ते आजही न्यायालयांत चालूच आहेत, फक्त कागद न पाहता चालू आहेत. दुसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, पण तो खरा आहे: पुष्कळ ठिकाणी दप्तर आहे कोठे, हेच विश्वस्तांस माहीत नाही. जुन्या पुजाऱ्याच्या माडीवर, कोणा दिवंगत कारभाऱ्याच्या ट्रंकेत, नाहीतर ओल लागलेल्या कोठीत ते पडून आहे, आणि दर पावसाळ्यात त्यातील दोन रुमाल वाळवी खाते. तेव्हा सीमाभागातील प्रत्येक देवस्थानाच्या विश्वस्तांस आमची मागणी एवढीच आहे की, येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सत्काराच्या ठरावाआधी एक विषय घालावा, आणि आपले दप्तर कोणत्या खोलीत आहे, त्यात किती रुमाल आहेत व किल्ली कोणाजवळ आहे, हे सभासदांस वाचून दाखवावे.